बालवाडी, शाळागृह आणि सरकारी तिजोरी

पालघरहून बोईसरकडे जाताना आमच्या कोळगावच्या हद्दीत ज्या भव्य इमारती दृष्टीस पडतात, त्या जिल्हा मुख्यालयाच्या होत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे शासनाने दिलेल्या जमिनीच्या मोबदल्यात सिडकोने हे मुख्यालय बांधून दिले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ज्या माळावर आमच्या लहानपणी गुरे चरत, तेथे आज जिल्हाधिकाऱ्यांची आणि जिल्हा परिषदेची कचेरी आहे. याचा अभिमान कोणा कोळगावकरास वाटणार नाही? मलाही वाटतो. परंतु सकाळच्या फेरफटक्यास निघालो म्हणजे त्या रुंद पायऱ्यांकडे पाहून मला, ज्या खोल्यांतून मी सदतीस वर्षे शिकविले, त्या खोल्या आठवतात. मुलाच्या डोक्यावर छप्पर कोणाच्या पैशाने आले, कधी आले, आणि कोणत्या मुलाच्या डोक्यावर ते अद्यापि आलेले नाही, याचा हिशेब मांडावा असे पुष्कळ दिवस मनात होते. यंदा स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी लेख मागितला, तेव्हा तोच विषय घेतला. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. इतिहासाचा पंडित नव्हे. कायदे व अहवाल जेवढे वाचनात आले आणि नोकरीत जे डोळ्यांनी पाहिले, तेवढ्यावरच हे लिहीत आहे.

आपल्या मुलुखात प्राथमिक शाळेसाठी सरकारी पैसा म्हणून जो प्रथम आला, तो खरे पाहता रयतेचाच होता. मुंबई इलाख्यात १८६९ च्या लोकल फंड कायद्याने जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा कर बसविण्यात आला. या एक आण्याच्या पट्टीतील दोन हिस्से रस्ते वगैरे कामांकडे आणि एक हिस्सा शिक्षणाकडे जाई. म्हणजे आपले पणजोबा माहीम तालुक्याच्या कचेरीत (आजचा पालघर तालुका त्या काळी माहीम तालुका होता) शेतसारा भरीत, तेव्हा त्यांच्या पदरचे काही पैसे शाळेच्या नावे जमा होत. त्यांची स्वतःची मुले त्या शाळेत जात होती काय, हा प्रश्न निराळा. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेवले. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो, अशी त्यांची तक्रार होती. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. ती कायद्याच्या पुस्तकात पुरतेपणी उतरावयास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

मधल्या काळातील कायदे थोडक्यात सांगतो. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे आली. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या विधेयकाने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली. खेड्यांना तिचा उपयोग नव्हता. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने, रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असताना, शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डांकडे गेला. १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे आली, आणि प्रथम हजार व त्याहून अधिक वस्तीच्या गावांत सक्ती लागू झाली. आपल्या भागात हजार वस्तीचा पाडा कोठे असतो? तेव्हा पाडे त्या पहिल्या सक्तीच्या बाहेरच राहिले. शेवटी १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या हवाली झाल्या.

या सर्व कायद्यांत शिक्षकाच्या पगाराची कलमे सापडतात, हजेरीची सापडतात, दंडाचीही सापडतात. इमारतीचे काम मात्र नेहमी मागाहून. शाळा प्रथम भरावयाची ती देवळाच्या सभामंडपात, चावडीत, नाही तर एखाद्या सधन गृहस्थाच्या पडवीत. सरकारने शिक्षक द्यावा आणि गावाने जागा द्यावी, असा जणू अलिखित करारच होता. वरवर पाहता यात काही वावगे दिसत नाही. उलट गावाच्या औदार्याचे कौतुकच वाटते. माझ्याही मनात तसे कौतुक होते, आणि ते का ओसरले ते सांगावयास हवे.

मी १९६४ साली पहिलीत बसलो तो मारुतीच्या सभामंडपात. जमीन शेणाने सारविलेली, एक फळा, गुरुजींची एक लाकडी पेटी. आम्ही आपल्या आळीतील मुले आत, खांबांच्या सावलीत बसत असू. पाड्यावरून येणारी पाचसहा मुले पायऱ्यांवर बसत. त्यांना कोणी हाकलून दिले नव्हते. 'वर या' असेही कोणी म्हटले नव्हते. देऊळ ज्यांचे त्यांची रीत, आणि गुरुजी बिचारे परगावचे. ते काय बोलणार? पावसाळ्यात वळचणीचे पाणी पायऱ्यांवर पडू लागले की ती मुले घरी जात ती दसऱ्यापर्यंत परत येत नसत. पटावर त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लागे. ज्ञातीच्या स्मरणिकेत असे लिहिणे काहींना रुचणार नाही, हे मी जाणतो. परंतु मी आत बसलेल्यांपैकी होतो, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजतो.

पुढे दोनतीन वर्षांनी दोन खोल्यांची कौलारू शाळा झाली. थोडे अनुदान, थोडी लोकवर्गणी, बाकी श्रमदान. माझ्या आजोबांनी रेतीसाठी बैलगाडी दिली होती आणि आम्ही पोरे विटा हातोहात देत होतो. इमारत देवाची नव्हती, कोणा गृहस्थाची नव्हती, सार्वजनिक पैशाची होती. पहिल्या दिवशी पायऱ्यांवरची ती मुले दाराशी थबकली आणि गुरुजींनी हाताने खूण करताच आत आली. ती शेवटच्या रांगेत बसली हे खरे. पण छपराखाली बसली. त्या जूनमध्ये ती पावसामुळे घरी गेली नाहीत. सरकारी पैशाने बांधलेल्या भिंतीचा अर्थ काय, हे मला पुढे अध्यापनाच्या वर्गात कोणत्याही पुस्तकाने शिकविले नाही एवढे त्या दिवसाने शिकविले.

आता सहा वर्षांखालील मुलांकडे वळतो. या बाबतीत आपल्या जिल्ह्याचे नाव साऱ्या हिंदुस्थानात घेतले जाते, आणि ते आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊकही नसते.

ताराबाई मोडक (जन्म १८९२) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ साली दादरला शिशुविहार निघाला. शहरात मान्यता मिळाली, पालक खुशीने फी देऊ लागले. तेथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु माँटेसोरी बाईंची महागडी साधने खेड्यातील पोराच्या हाती कशी पडणार, हा प्रश्न त्यांना सोडीना. १९४४ च्या सार्जंट अहवालात तीन ते सहा वयाच्या दहा लक्ष मुलांसाठी शिशुशाळांची सोय करावी अशी शिफारस होती. ती कागदावर असतानाच, १९४५ च्या डिसेंबरात ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डीस आधीपासून आचार्य भिसे यांच्यासारख्यांनी शिक्षणाची भूमी नांगरून ठेवली होती. याच वर्षी डहाणू-तलासरी-उंबरगावच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, हेही ध्यानात घ्यावे. ज्या बापांनी त्या वर्षी प्रथम मान वर केली, त्यांचीच ही मुले.

ताराबाईंच्या मदतीस अनुताई वाघ आल्या. लहानपणी लग्न होऊन लगेच वैधव्य आलेली, शिकून शिक्षिका झालेली ही बाई बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंना भेटली आणि जन्मभर त्यांची झाली. बोर्डीत बालवाडी उघडली. पण पलीकडच्या वस्तीतील मुले तेथे येईनात. ज्यास शतकानुशतके पायरीवर थांबविले, तो दार उघडे दिसले म्हणून लगेच आत येत नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ताराबाईंनी ठरविले. शिक्षिका सकाळी वस्तीवर जाऊ लागल्या. तेथेच मुलांचे तोंड धुवावयाचे, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे, आणि एखाद्याच्या अंगणात गाणी, गोष्टी, खेळ घ्यावयाचे. साधने म्हणजे शिंपले, चिंचोके, गोटे, पाने, माती. अंगणात भरणारी म्हणून तिला अंगणवाडी म्हणू लागले. आज देशाच्या कानाकोपऱ्यात जो शब्द सरकारी पाटीवर दिसतो, तो आपल्या किनाऱ्यावरच्या एका खेड्यात जन्मास आला.

१९५७ साली हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे निराळीच अडचण होती. सहा वर्षांचा मुलगा गुरांमागे जाई आणि आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडास काखेत घेऊन घर सांभाळी. मग गुरे चरतात तेथेच कुरणशाळा निघाली. आणि दुसऱ्या अडचणीवर जो तोडगा काढला, तो माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामातील अत्यंत शहाणपणाचा होय. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणल्या आणि तिला विकासवाडी हे नाव दिले. धाकटे मूल पाळणाघरात निजले म्हणजे ताई पहिलीत बसावयास मोकळी. मूल तीन वर्षांचे झाले की बालवाडीत, सहाचे झाले की शेजारच्याच वर्गात. एकच आवार, एकच हजेरी, एकच आपुलकी. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, हे काम चालविले. त्यांना १९८४ साली पद्मश्री मिळाली.

सरकारने ही विकासवाडी पाहिली, वाखाणली, आणि तिचे दोन तुकडे केले. हे कोणी हेतुपुरस्सर केले असे मी म्हणत नाही. पैसा ज्या वाटेने आला त्या वाटेचा हा परिणाम होय. १९५० च्या राज्यघटनेतील अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षे पुरी होईपर्यंत सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे लिहिले होते. त्यात 'सहा वर्षांपासून' हे शब्द नव्हते. घटनाकारांनी खालची मर्यादा घातलीच नव्हती. तथापि प्रत्यक्षात शिक्षण खात्याने सहा वर्षांवरील मुले घेतली आणि त्याखालची मुले समाजकल्याणाकडे गेली. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले; ते बालवाड्या चालविणाऱ्या संस्थांना अनुदान देई. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बाल विकास सेवा योजना प्रयोग म्हणून सुरू झाली, तिने अंगणवाडी हे नाव घेतले. परंतु तिचा जीव पोषणात होता: खाऊ, वजन, लसीकरण, गरोदर मातेची नोंद. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला, तेव्हा आहाराची निकड किती खरी होती हे दिसलेच. उपाशी मुलास आधी घास द्यावा, यात दुमत नाही. पण घास देणारे खाते आणि अक्षर देणारे खाते निराळे पडले. दोन अर्थशीर्षके, दोन साहेब, दोन दप्तरे. आणि इमारतीचा पैसा दोन स्वतंत्र झऱ्यांनी येऊ लागला. एक वाहता, दुसरा ठिबकता.

शाळेचा झरा पुढे चांगलाच वाहता झाला हे कबूल केले पाहिजे. १९८७ साली 'खडू-फळा' योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेस निदान दोन बऱ्यापैकी मोठ्या खोल्या व दोन शिक्षक, त्यांत शक्यतो एक शिक्षिका, असा तिचा नेम होता. मी त्या वेळी एका पाड्यावर कारवीच्या कुडाच्या शाळेत एकटाच चार इयत्ता शिकवीत होतो; त्या योजनेतून आलेला पहिला नकाशा मी घरी आणून रात्री पोरांना दाखविला होता. पुढे सर्व शिक्षा अभियानात बांधकामावर तेहेतीस टक्क्यांपर्यंत खर्च करण्याची मुभा होती, आणि आपल्या भागातील पुष्कळ सिमेंटच्या खोल्या त्याच काळातील आहेत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, खेळाचे मैदान व कुंपण एवढे स्पष्ट लिहिलेले आहे. फुल्यांची मागणी अखेर कायद्यात उतरली.

पण त्याच सुमारास धाकट्या मुलाच्या बाबतीत जे घडले ते फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. डिसेंबर २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत झाला, आणि सहाखालील मुले अनुच्छेद ४५ मध्ये उरली. त्यांच्यासाठी राज्य 'प्रयत्न करील'. २००९ च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वशिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल' असे शब्द आहेत. मी व्याकरण शिकविले आहे. 'करील' आणि 'करू शकेल' यांत केवढे अंतर आहे हे पाचवीच्या मुलासही समजते. त्या अंतरात अंगणवाडीची इमारत अडकली आहे.

त्याचे एक उदाहरण सांगतो. गाव व कचेरी यांची नावे देण्याचे प्रयोजन नाही. माझ्या शाळेच्या व्हरांड्यात अंगणवाडी भरत असे. एका जुलैत वादळाने व्हरांड्याचे पत्रे उडाले आणि वर्गांची कौलेही सरकली. मी दुरुस्तीचा प्रस्ताव पाठविला. मंजुरी आली ती वर्गांपुरती. व्हरांड्यात आमची मुले बसत नाहीत, दुसऱ्या विभागाची बसतात, तेव्हा तो खर्च त्या विभागाचा, असे मला सांगण्यात आले. त्या विभागाने सांगितले की इमारत त्यांची नाही. दोन्ही उत्तरे नियमास धरून होती! सेविकाबाईंनी तो पावसाळा बावीस मुलांसह माझ्या पहिलीच्या वर्गात काढला. एका कोपऱ्यात अ-आ-ई आणि दुसऱ्यात बडबडगीते. खरे सांगावयाचे तर गोंगाट सोडल्यास ते वर्ष फार चांगले गेले. त्या बावीसांतील जी मुले पुढल्या जूनमध्ये पहिलीत आली, त्यांपैकी एकही दाराशी रडले नाही. नकळत आम्ही विकासवाडी चालवीत होतो, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

अलीकडे परिस्थिती पालटू लागली आहे, हेही न्यायाने नोंदविले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये अंगणवाड्यांची संख्या चौदा लाखांपर्यंत नेण्याचा आदेश दिला. अंगणवाड्या वाढल्या, घरे तेवढी वाढली नाहीत. पुढे रोजगार हमीच्या पैशाशी सांगड घालून इमारतीसाठी सात लाखांचा ठोकताळा ठरला: पाच लाख रोजगार हमीचे, दोन लाख बालविकास योजनेचे. ती रक्कम आता बारा लाख आहे. आठ लाख रोजगार हमीतून, दोन लाख वित्त आयोगाच्या वा तत्सम निधीतून, दोन लाख महिला व बालविकास मंत्रालयाकडून. जिल्हा नियोजनातूनही काही खोल्या होतात. एका खोलीसाठी तीन तिजोऱ्यांचे दार ठोठवावयाचे म्हटल्यावर ग्रामसेवकाची काय दशा होते ते त्यासच विचारावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि अंगणवाड्या प्राथमिक शाळांच्या आवारात आणण्याचा पुरस्कार केला. कोसबाडला जे एकाच आवारात नांदत होते, ते पुन्हा एका आवारात आणावे असे आता दिल्लीस वाटू लागले आहे. उशिरा का होईना, आनंद आहे.

आता आपल्या घरातील गोष्ट. आपल्या या स्मरणिकेत दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांची छायाचित्रे येतात, शिष्यवृत्त्यांची यादी येते, आणि ते योग्यच आहे. माझ्या नातीचेही छायाचित्र एकदा आले होते. तीनचार वर्षांच्या मुलाचे मात्र मला कधी दिसले नाही. आपली नातवंडे फी भरून इंग्रजी शिशुवर्गात जातात, तेव्हा अंगणवाडी ही आपली बाब राहिली नाही, अशी आपली समजूत झाली आहे. आमच्या घरामागच्या पाड्यावरील अंगणवाडी एका घराच्या ओटीवर भरते. गेल्या आषाढात मी छत्री घेऊन गेलो, तेव्हा एकोणीस मुले होती. ओटीच्या एका बाजूस घरधन्याची नांगर-इरली, दुसऱ्या बाजूस तांदळाची गोणी, मध्ये मुले. वळचणीच्या पागोळ्या कडेच्या मुलांच्या पाठीवर पडत होत्या. सेविका दर थोड्या वेळाने कडेची मुले आत आणि आतली कडेला अशी बदलीत होती, म्हणजे भिजणे सर्वांच्या वाट्यास सारखे यावे.

इमारतीस मंजुरी मिळू शकते, असे मला सांगण्यात आले आहे. अडते ते जागेपाशी. जागा ग्रामपंचायतीच्या नावे असल्यावाचून प्रस्ताव पुढे सरकत नाही. पाड्याला लागून आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा दोन गुंठ्यांचा एक तुकडा पडून आहे. त्यात पीक येत नाही. तो देण्याचे मी व माझ्या धाकट्या बंधूंनी ठरविले. परंतु सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत. चुलते वारले, त्यांची मुले वसई, दादर, पुणे अशी पांगली. एक पुतण्या परदेशी आहे. बक्षीसपत्राचा मसुदा तयार आहे, आणि मुद्रांकाचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून करीन. आजवर सात जणांच्या संमतीच्या सह्या मिळाल्या. उरलेले चौघे या स्मरणिकेचे जुने वर्गणीदार आहेत.